एका टनाचे वाटेकरी

काट्यावर ट्रॅक्टर चढतो, ड्रायव्हर उडी मारून खाली उतरतो आणि पडद्यावरचे लाल आकडे दोन-तीनदा मागेपुढे होऊन थांबतात. जानेवारीतली रात्र, कृष्णाकाठ, गाळपाचा हंगाम ऐन भरात. मागे ट्रॅक्टरांची लांब रांग. कुणी ट्रॉलीच्या चाकाला पाठ टेकून पेंगतोय, कुणी पाचट पेटवून हात शेकतोय. मळीचा आंबूस-गोड वास थंडीबरोबर खाली उतरतो आणि स्वेटरमध्ये जाऊन बसतो. खिडकीतून एक पावती बाहेर येते. शेतकऱ्याचं नाव, गट नंबर, उसाची जात, गाडीचा नंबर, तोडणी टोळीचा कोड, भरलेलं वजन, रिकामं वजन, निव्वळ वजन.

ती पावती मी ड्रायव्हरकडून मागून घेतली आणि दिव्याखाली वाचत उभा राहिलो. या हातभर कागदावर कितीजणांचं पोट चालतं? ऊस ज्याचा त्या शेतकऱ्याचं, ट्रॅक्टरवाल्याचं, मुकादमाचं, ऊस तोडणाऱ्याचं. तोडणाऱ्याच्या बायकोचंही चालतं, पण तिची कुठे नोंद नाही. टोळीच्या कोडात तिचा नवरा आणि नवऱ्यात ती. आणि एक माणूस असा, की त्याचं पोट या कागदावर चालत नाही: खिडकीच्या आत बसून पावती छापणारा कारकून. वजन वीस टन भरो की दोन टन, महिन्याच्या ठरल्या तारखेला त्याचा पगार बँकेत जमा.

वेतनातली विषमता म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे कंपनीचा मालक आणि गेटवरचा वॉचमन उभे राहतात. मला ती एका टनाच्या आत मोजायची होती. ऊस एकच, काटा एकच, रात्र एकच. मग त्या टनाला हात लावणाऱ्यांच्या कमाईत फरक पडतो तो कुठे, आणि पाडतं कोण?

भांडी कोण घासतं?

हा किडा डोक्यात सोडला तो एका मित्राने. सांगलीच्या वालचंद कॉलेजात आम्ही बरोबर होतो. आता तो स्वीडनमध्ये, गोटेबर्गला इंजिनिअर आहे. गेल्या वर्षी विश्रामबागला आईकडे आला होता. आईच्या घरी धुण्याभांड्याला एक बाई, पोळ्यांना दुसरी, बाग बघायला आठवड्यातून एकदा माळी. तिकडे मात्र फरशी पुसण्यापासून संडास घासण्यापर्यंत सगळं नवराबायको मिळून करतात. "एवढ्या पगारात एक बाई ठेवता येत नाही तुला?" असं आईने विचारलं, तेव्हा तो हसून म्हणाला, "आई, तिकडे साफसफाई करणाऱ्याचा तास आणि माझा तास, यांत फार अंतरच नाही. परवडायचं कसं?"

तेव्हापासून मी ही पट्टी खिशात बाळगतो. एका माणसाच्या एका दिवसाच्या कमाईत दुसऱ्याचे किती दिवस विकत घेता येतात? अर्थशास्त्रातले गुणांक बाजूला ठेवले तरी ही पट्टी कुठेही लावता येते: गोटेबर्गला, विश्रामबागला आणि उसाच्या फडातही.

युरोपीय संघाचं सांख्यिकी कार्यालय, म्हणजे युरोस्टॅट, यासाठी एक सोपी व्याख्या वापरतं. देशातल्या सगळ्या पगारदारांना तासाच्या कमाईच्या क्रमाने रांगेत उभं करा. बरोबर मधे जो उभा असेल त्याच्या कमाईच्या दोन-तृतीयांश किंवा त्याहूनही कमी ज्याला मिळतं, तो 'कमी वेतनाचा' कामगार. २०२२ सालच्या पाहणीत अख्ख्या युरोपीय संघात असे १४.७ टक्के निघाले. पण देशागणिक चित्र वेगळं. बल्गेरियात २६.८ टक्के, रोमानियात २३.९ टक्के, स्वीडनमध्ये फक्त ४.१ टक्के.

आता गंमत बघा. बल्गेरियात आणि रोमानियात किमान वेतनाचा कायदा आहे. स्वीडनमध्ये असा कायदाच नाही. डेन्मार्क आणि फिनलंडमध्येही नाही. तिथे दर ठरतात कामगार संघटना आणि मालकांच्या संघटना यांच्यातल्या करारांनी, आणि स्वीडनमध्ये दहापैकी जवळजवळ नऊ कामगार अशा कुठल्या ना कुठल्या कराराखाली येतात. १९५१ साली योस्टा रेन आणि रुडॉल्फ माइडनर या कामगार संघटनेच्या दोन अर्थतज्ज्ञांनी संघटनेच्या अधिवेशनापुढे एक धाडसी मांडणी ठेवली. सारख्या कामाला सारखा दाम. मग कारखाना नफ्यात असो की तोट्यात. ज्या कारखान्याला तो दर झेपत नाही त्याने बंद पडावं, आणि तिथल्या कामगाराला नवं काम शिकवून दुसरीकडे लावायची जबाबदारी सरकारने घ्यावी. कमी मजुरीवर तगणाऱ्या धंद्याला जगवायचंच नाही, असा तो हिशेब होता.

जर्मनीचा रस्ता उलटा. तिथेही फार वर्षं कायदा नव्हता, करार होते. पण कराराखालची माणसं हळूहळू कमी होत गेली, उघड्यावर पडलेल्यांची संख्या वाढली, आणि शेवटी २०१५ साली तासाला साडेआठ युरो असं किमान वेतन कायद्याने बांधावं लागलं. ऑक्टोबर २०२२ मध्ये ते बारा युरोवर गेलं.

एवढं वाचून माझ्या मनात एकच गोष्ट पक्की झाली. देश गरीब की श्रीमंत, कायदा आहे की नाही, हे सगळं नंतरचं. दर ठरवायच्या बैठकीत सतरंजीवर कोणाला जागा आहे, यावर त्याच्या ताटात काय पडणार ते ठरतं. हीच गोष्ट घेऊन मी पुन्हा फडात गेलो.

सतरंजीवर कोण कोण

आधी शेतकरी. आडसाली ऊस म्हणजे सोळा-अठरा महिने रान अडकून. तरी त्याच्या दराला कायद्याचा आधार आहे. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार केंद्र सरकार दर हंगामाला रास्त आणि किफायतशीर दर जाहीर करतं. सगळे त्याला एफआरपी म्हणतात. २०२५-२६ च्या हंगामाला १०.२५ टक्के उताऱ्यासाठी, म्हणजे उसातून निघणाऱ्या साखरेच्या प्रमाणासाठी, टनाला ३,५५० रुपये. सातारा-सांगलीचा उतारा सहसा याच्या वर असतो, म्हणून दरही चढतो. मात्र त्यातून तोडणी-वाहतुकीचा खर्च वजा होतो. ऊस गेल्यापासून चौदा दिवसांत पैसे द्यायचे, उशीर झाला तर पंधरा टक्के व्याज, असं आदेशात लिहिलेलं आहे. लिहिलेलं मिळतंच असं नाही. म्हणून तर दरवर्षी जयसिंगपूरला शेतकरी नेते राजू शेट्टी यांची ऊस परिषद भरते आणि पहिल्या उचलीचा, म्हणजे पहिल्या हप्त्याचा, आकडा मैदानात ठरतो. शेतकरी रडतो, भांडतो, गाड्या अडवतो. पण त्याला बैठकीत बोलावल्याशिवाय हंगाम सुरू होत नाही.

दुसरा कारखान्याचा कामगार. साखर उद्योगासाठी केंद्रीय वेतन मंडळ नेमलं गेलं १९५७ साली. महाराष्ट्रात आता कामगारांचे, कारखान्यांचे आणि सरकारचे प्रतिनिधी त्रिपक्षीय समितीत बसून काही वर्षांचा करार करतात; २०२१ च्या करारात बारा टक्के वाढ मिळाली. पगार थकतात, कंत्राटी भरती वाढत चालली आहे, या तक्रारी खऱ्याच. तरी एक तरतूद बघण्यासारखी आहे. कारखाना वर्षातले चार-पाच महिनेच चालतो, म्हणून बरेच कामगार 'हंगामी' असतात. बॉयलर थंड झाल्यावर या हंगामी कामगाराला बंद महिन्यांसाठी पगाराचा काही हिस्सा मिळतो. कामगार त्याला 'रिटेन्शन' म्हणतात. पुढच्या हंगामाला माणूस परत यावा म्हणून कारखाना त्याला अंशतः सांभाळतो.

तिसरा ऊसतोड कामगार. तोही हंगामीच. बीड, जालना, परभणी, पाथर्डी भागातून दिवाळी झाली की निघतो. काहीजण तर सातारा-सांगली याच दोन जिल्ह्यांतले असतात. सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्याच जिल्ह्यातल्या माणमध्ये पाचशेच्या आसपास. सांगलीत वाळवा हिरवागार आणि जत कोरडा. जतचा कोयता वाळव्याच्या फडात, म्हणजे जिल्हा एकच, पण एक तालुका ऊस लावतो आणि दुसरा तो तोडतो.

या तिसऱ्यालाही कारखान्याने पुढच्या हंगामासाठी धरून ठेवलेलं असतं, पण रिटेन्शन देऊन नाही. उचल देऊन. पावसाळ्यात मुकादम घरी येतो, लेकीचं लग्न, दवाखाना, जुनं देणं यासाठी आगाऊ पैसे देतो. जोडीमागे हा आकडा आज लाखाच्या घरात गेला आहे. मग हंगामभर तोडून ती फेडायची. एक दिवस आजारी पडलं की 'खाडा', आणि खाड्याचे पैसे वर कापले जातात. हंगाम संपताना उचल फिटली नसेल तर बाकी पुढच्या वर्षावर. बंद हंगामात एका हंगामी माणसाला भत्ता आणि दुसऱ्याला कर्ज, दोन्ही त्याच धुराड्याच्या सावलीत.

त्याचा दर? तोही बैठकीत ठरतो, हे मान्य करायला हवं. साखर संघ आणि तोडणी कामगारांच्या संघटना संप-वाटाघाटी करत तीन-तीन वर्षांचा करार करतात. जानेवारी २०२४ मध्ये चौतीस टक्के वाढ ठरली आणि टनाचा दर २७३ रुपयांवरून ३६६ वर गेला. मुकादमाचं कमिशन याच्यावर वेगळं.

३६६ आकडा ऐकायला बरा वाटतो. आता पट्टी लावू. चांगला ऊस, चांगली जोडी, गाडी वेळेवर आली तर दिवसाला दोन टन. ७३२ रुपये. पहाटे चारला फडात, आणि गाडी भरेपर्यंत कधी रात्रीचे आठ. दोन माणसांत वाटले तर माणशी ३६६. ऊस पडका असला, रान ओलं असलं, तर दीड टनावरच हात थांबतात आणि माणशी पावणेतीनशे उरतात. रोजगार हमीवर महाराष्ट्रात २०२५-२६ साठी दिवसाचा दर ३१२ रुपये आहे. म्हणजे राज्यातल्या सर्वांत कठीण अंगमेहनतीचा, चौदा-पंधरा तासांचा दिवस कधी हमीच्या दराच्या थोडा वर, कधी खाली.

आणि यात शेतकऱ्याकडून मिळणारी 'खुशाली' धरलेली नाही. ऊस वाळायला लागला की शेतकरी टोळीला वरचे पैसे देतो, नाइलाजाने. कृष्णाकाठी कुठल्याही कट्ट्यावर तोडकऱ्यांना शिव्या ऐकू येतात त्या या खुशालीवरून. मला मात्र ती बघून वाटलं, करारात जे मागायची सोय नाही ते हा माणूस बांधावर, ऊस वाळताना, वसूल करून घेतो. त्याची बैठक तिथे भरते.

कोयता म्हणजे दोन माणसं

काट्यावरच्या रात्रीनंतर दुसऱ्या दिवशी पहाटे पावतीवरच्या टोळीच्या फडात होतो. अंधारात आधी आवाज ऐकू येतो: खस्सकन बुडख्यावर, मग दोनदा हलकं, शेंड्यावर. नवरा तोडत पुढे सरकतो. बायको मागून साळते, वाढं बाजूला टाकते, दहा-बारा उसांची मोळी वाढ्याच्याच वेठाने आवळून बांधते. गाडी आली की मोळी डोक्यावर घेऊन ट्रॉलीला लावलेल्या फळीवरून वर चढते. फळी दवाने निसरडी झालेली. पाय आडवा टाकत, तोल सांभाळत ती वर जाते, मोळी टाकते, रिकामी उतरते. मी एका बाईच्या खेपा मोजायला लागलो. साठच्या पुढे माझंच लक्ष उडालं. बांधाला साडीची झोळी, झोळीत लेकरू.

"ताई, तुमच्या हातात पैसे कधी येतात?" मी विचारलं. तिने पदराने तोंड पुसलं.

"माझ्या हातात कशाला येतील भाऊ? उचल त्यांनी घेतली, सही त्यांची. मुकादम त्यांनाच ओळखतो."

मुकादम 'मी अमुक कोयते आणलेत' असं सांगतो, माणसं किती ते सांगत नाही. कोयता म्हणजे जोडी. एकटी बाई किंवा एकटा गडी आला तर 'अर्धा कोयता'. उचल जोडीला, दर जोडीच्या टनाला, खाडा जोडीचा. बाईची मजुरी पुरुषापेक्षा कमी आहे असं इथे म्हणताच येत नाही. तिची मजुरी वेगळी अशी अस्तित्वातच नाही. युरोपातल्या कुठल्याही तक्त्यात तिला बसवायचं म्हटलं तर तो रकानाच सापडणार नाही.

पण खाडा तिच्या शरीरावर पडतो. २०१९ साली विधान परिषदेच्या तेव्हाच्या उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने बीड जिल्ह्याची पाहणी केली. ब्याऐंशी हजारांवर ऊसतोड बायकांपैकी १३,८६१ जणींचं गर्भाशय काढून टाकलेलं निघालं. कारणं अनेक असतील: लहान वयातलं लग्न, लागोपाठची बाळंतपणं, राहायच्या कोपीवर पाणी ना आडोसा, भीती घालणारे दवाखाने. पण पाळीच्या दिवसांत फडावर न जाण्याची जिला मुभा नाही, तिला ऑपरेशन हा सोडवणुकीचा रस्ता वाटू लागतो, हे समजायला डॉक्टर असावं लागत नाही.

इथल्या बायकांचं काय? त्याच आठवड्यात वाळवा तालुक्यातल्या एका गावात सकाळी नऊच्या सुमाराला पारापाशी थांबलो. भांगलणीला जाणाऱ्या बारा-तेराजणींची टोळी छोट्या टेंपोची वाट बघत उभी. डोक्याला टॉवेल, हातात खुरपं, वायरच्या पिशवीत डबा. रोज किती? तीनशे. आणि गड्याला?

"पाश्शे."

"का हो मावशी, एवढा फरक?"

त्यांच्यातली वयाने मोठी होती ती हसली. "गडी पंप पाठीला लावून उभा फवारतो, त्येला पाश्शे. आमी दिसभर उकिडवं बसून भांगलतो, तर म्हंत्यात, बायका बसूनच तर असत्यात!"

सगळ्याजणी हसल्या. हसण्यात राग किती आणि सवय किती ते मला सांगता आलं नाही. उकिडवं बसून सहा-सात तास खुरपं चालवणं हे कौशल्य की विश्रांती, हे ठरवणारा माणूस त्यांच्यातला नव्हता. युरोपीय संघात बाई-पुरुषांच्या तासाच्या कमाईतला सरासरी फरक २०२२ साली १२.७ टक्के होता. पारावरचा फरक चाळीस टक्के. दोन्ही मोजण्याच्या रीती वेगळ्या आहेत. पारावर तासही सारखे नाहीत, गडी लवकर जातो. तरी अंदाज यायला हे पुरे. पुरुष आणि स्त्री यांना समान कामासाठी समान मोबदला देण्याचा कायदा आपल्याकडे १९७६ मध्येच झाला. त्यातून सुटायची वाट सोपी: कामंच वेगवेगळी ठेवायची. फवारणी गड्याची, भांगलण बाईची, मग तुलनेचा प्रश्नच मिटला.

पण या बायका कोयत्यातल्या बाईसारख्या अगदी दुसऱ्याच्या हवाली नाहीत. टोळीला एक पुढारीण असते, तिच्याकडे मोबाइल. शेतकऱ्याला टोळी हवी तर तिला फोन करावा लागतो. लागणीच्या, हळद काढणीच्या दिवसांत तीनदा फोन करावा लागतो. तेव्हा रोज बाजूला ठेवून त्या काम 'अंगावर' घेतात, एकराचं उक्तं ठरवतात आणि दुपारी दोनला मोकळ्या होतात. कोणी संघटना शिकवलेली नाही. बारा बायकांनी मिळून एकच दर सांगायचा, एकीनेही खाली यायचं नाही, एवढंच त्यांना कळलेलं आहे. रेन आणि माइडनर यांना ही मावशी भेटती तर दोघांनी तिला आपल्यातली मानली असती.

एकोणीसशे एकोणसत्तर

या सगळ्यात मला टोचलेली गोष्ट वेगळीच आहे. अशा मजुरांना बैठकीत बसवायचे दोन मोठे प्रयोग महाराष्ट्रात झाले. दोन्ही एकाच वर्षी. दोन्हींची मुळं याच दोन जिल्ह्यांत.

पहिला माथाडींचा. पाटण तालुक्यातल्या मंद्रुळकोळ्याचे अण्णासाहेब पाटील. साताऱ्याच्या डोंगरकपारीतली हजारो पोरं तेव्हा मुंबईत मशीद बंदरच्या बाजारात ओझी वाहत होती. काम रोजचं, मालक रोज बदलणारा, मधे टोळीवाला. मालक म्हणायचा, हा माझा कामगार नाही. अण्णासाहेबांच्या लढ्यातून १९६९ चा माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांचा कायदा आला. त्याची रचना फार हुशार आहे. व्यापारी आणि हमाल दोघांचीही नोंद एका मंडळाकडे. व्यापाऱ्याने मजुरी मंडळात भरायची, वर ठरावीक टक्के लेव्ही. मंडळ हमालाला पगार देणार आणि लेव्हीतून भविष्य निर्वाह निधी, बोनस, रजा, दवाखाना सांभाळणार. हमालाने दिवसभरात पाच दुकानांत पोती उचलली तरी पगार एका जागी. तू कोणाचा माणूस, या प्रश्नाचं उत्तर कायद्याने देऊन टाकलं. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची पोती वाहणाऱ्याला आज जे काही संरक्षण आहे, ते या कायद्यामुळे.

दुसरा रोजगार हमीचा. तासगाव तालुक्यातल्या विसापूरचे वि. स. पागे, विधान परिषदेचे सभापती. मागेल त्याला काम आणि कामाप्रमाणे दाम, ही कल्पना त्यांनी १९६९ मध्ये आपल्याच भागात राबवून बघितली. पुढे बहात्तरच्या दुष्काळाने ती राज्यभर नेली, १९७७ साली कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. खडी फोडा, नाला खोदा, माती वाहा. मोजमाप होईल तसे पैसे. बाईचा दर आणि गड्याचा दर असा भेद नाही. गावात जिला निम्मा रोज मिळत होता तिला सरकारी कामावर पहिल्यांदा सारखा दाम दिसला, आणि मग गावच्या बागायतदारालाही भांगलणीचा भाव थोडा वाढवावा लागला.

या योजनेचे पैसे आले कुठून? तुमच्या-माझ्या पगारातून. पगाराच्या चिठ्ठीवर 'व्यवसाय कर' म्हणून महिन्याला दोनशे रुपये कापलेले दिसतात, फेब्रुवारीत तीनशे. १९७५ साली हा कर बसवला तो रोजगार हमीसाठी. शहरातल्या पगारदाराने खेड्यातल्या मजुराच्या कामाची सोय करायची, असा तो करार. पुण्या-मुंबईत बसून ही कपात बघून कुरकुरणाऱ्या किती जणांना तिचा विसापूरशी संबंध ठाऊक असेल?

जर्मनीने माथाडी कायद्यासारखीच एक गोष्ट अलीकडे, बावन्न वर्षांनी केली. तिथल्या मोठ्या कत्तलखान्यांत मांस कापायला रोमानिया, बल्गेरिया, पोलंडची माणसं यायची. कारखान्याचे नोकर म्हणून नव्हे, उपकंत्राटदाराचे म्हणून. राहायला दाटीवाटीच्या खोल्या, त्यांचं भाडं पगारातून कापलेलं. जून २०२० मध्ये अशाच एका कत्तलखान्यात पंधराशेहून जास्त कामगारांना करोना झाला आणि झाकलेलं सगळं उघडं पडलं. १ जानेवारी २०२१ पासून जर्मनीने या धंद्याच्या मुख्य कामात उपकंत्राटदार घालायलाच बंदी केली. कापणारा माणूस कारखान्याचाच नोकर असला पाहिजे. आपल्या भाषेत सांगायचं तर मुकादम बंद.

ऊसतोड कामगार दर वर्षी ज्या दोन जिल्ह्यांत येतो, तिथूनच हे दोन्ही कायदे निघाले, आणि तो दोन्हींच्या बाहेर राहिला. हमीचं काम त्याच्या गावात वेळेवर मिळालं असतं तर तो उचल घेऊन इथे आलाच नसता. आणि इथे आल्यावर कारखाना म्हणतो, आमचा करार वाहतूकदाराशी. वाहतूकदार म्हणतो, माझा मुकादमाशी. १९६९ च्या आधीच्या मशीद बंदरातलं वाक्य जसंच्या तसं. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने ऊसतोड कामगारांसाठी महामंडळ झालं, कारखान्यांकडून टनामागे दहा रुपये आणि तेवढेच सरकारचे असा निधी ठरला. लेकरांच्या वसतिगृहांसाठी हे हवंच होतं. पण महामंडळ कल्याण करतं, मजुरी चुकती करत नाही. कोयत्याच्या दोन टोकांना दोन वेगळी नावं लिहायचं काम अजून कोणी केलेलं नाही.

दुसरी बाजू

कराडजवळच्या एका ओळखीच्या ऊसबागायतदाराला मी हे सगळं ऐकवलं. चहाचा कप खाली ठेवत तो म्हणाला, "बोलायला सोपं आहे साहेब. तोडणी माझ्या बिलातनं कापतात. दर वाढवा म्हणता, तो माझ्याच टनातनं जाणार." त्याचं खोटं नाही. कारखानदारही तक्रार करतात, की साखरेचा किमान विक्री दर फेब्रुवारी २०१९ मध्ये किलोला ३१ रुपये ठरला, आणि त्यानंतरच्या सहा-सात वर्षांत एफआरपी मात्र क्विंटलला २७५ वरून ३५५ वर गेली. आणि मजुरी फार वाढली तर हार्वेस्टर आहेच. यंत्राला माणसापेक्षा जास्त दर देता, मग आम्हाला का नाही, ही तोडणी संघटनांची जुनी तक्रार.

युरोपकडे बघतानाही डोळे उघडे ठेवायला हवेत. पोर्तुगालमध्ये कमी वेतनाचे कामगार दोन टक्केही नाहीत, स्वीडनपेक्षा कमी. पण त्याचं एक कारण असं, की तिथे मधल्या माणसाचाच पगार किमान वेतनाच्या फार वर नाही. रांग सरळ आहे, ठेंगणी आहे. आणि स्वीडनच्या स्वच्छ तक्त्याबाहेरही माणसं आहेत. दर उन्हाळ्यात उत्तरेच्या जंगलांत बेरी वेचायला थायलंडहून हजारो मजूर येतात. येण्यासाठी गावाकडे कर्ज काढतात, मधे दलाल, पैसे वेचलेल्या किलोवर. फसवणुकीचे खटले तिथेही उभे राहिले. मित्राला मी फोनवर हे विचारलं तेव्हा तो जरा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "म्हणजे आमच्याकडेही कोयता आहे तर."

असा कोयता प्रत्येक देशात कुठे ना कुठे सापडेल. प्रश्न एवढाच, की सापडल्यावर तो देश काय करतो. आमच्याकडे उत्तर शोधायला गोटेबर्गला जायची गरज नाही. मंद्रुळकोळं आणि विसापूर, दोन्ही गावं कराडपासून सकाळी निघून संध्याकाळी परत येता येईल इतकी जवळ आहेत.

वाढं

फडात गेलो त्याच दिवशी संध्याकाळी टोळीच्या कोप्यांपाशी आलो. मेणकापडाच्या बारा-पंधरा कोप्या, एक बोअरचा नळ, चुलींचा धूर. पहाटे मोळ्या वाहणारी तीच बाई आता वाढ्याच्या पेंढ्या ओळीने लावत होती. उसाचा हा हिरवा शेंडा कारखान्याला नको असतो. काट्यावर त्याचं वजन होत नाही, पावतीवर नोंद नाही, मुकादमाला कमिशन नाही. गावातले म्हशीवाले मोटरसायकली घेऊन येतात, घासाघीस करतात, पेंढ्या मागे बांधून घेऊन जातात.

एकजण आला. तिने भाव सांगितला. त्याने कमी केला. तिने मान हलवली आणि पेंढ्या पुन्हा नीट रचायला घेतल्या, जणू तो तिथे नाहीच. तो दोन पावलं मागे फिरला, गाडी सुरू केली, बंद केली, आणि सांगितला तो भाव देऊन गेला.

तिने नोटा मोजल्या. शंभराची एक, दहाच्या काही. नवरा चुलीपाशी बसला होता, त्याने वळूनही बघितलं नाही. नोटांची घडी तिच्या कमरेच्या पिशवीत गेली.

"हे माझे," ती म्हणाली.